चार बोटांची खूण

"इंदे, तुह्या मामाच्या उशीवर रोज सकाळी रक्त दिसते वं," असं सुगंधामामीनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा इंदुताई बाळंतपणासाठी मामाकडंच बाजेवर होती. तान्ही कुंदा पाजलेलं दूध ओकते की काय, एवढी एकच चिंता तेव्हा तिला साऱ्या जगात होती.

"दातवण कडक असेल, मामी. बाभळीचं बंद करा. कडुलिंबाची कोवळी काडी द्या," ती म्हणाली.

नागपूरला इंटर सायन्सपर्यंत शिकलेली भाची सांगते म्हणजे बरोबरच असणार. मामीनं उशीचा अभ्रा राखेनं घासला, विहिरीवर धुतला, कुडावर वाळत घातला. दुसऱ्या दिवशी पुन्हा धुतला. पुढं पुढं धुण्याचाही कंटाळा आला, तेव्हा ती सकाळी उशी नुसती उलटी करून ठेवू लागली. त्याबद्दल घरात पुन्हा कोणी बोललं नाही.

वर्ष लोटलं. धान कापून झाल्यावर मोहटोल्याहून निरोप आला की मामाची तब्येत बरी नाही. इंदुताईनं चांद्याच्या बिऱ्हाडाला नवऱ्याच्या भरवशावर सोडलं आणि कुंदाला कडेवर घेऊन निघाली. चामोर्शीपर्यंत मोटार, पुढं बैलगाडी. वाटेत पोरीला ऊन लागेल, धूळ लागेल, गाडीवान तिच्या अंगावर विडीची ठिणगी उडवेल, अशा पन्नास काळज्या तिनं केल्या. खरी काळजी करण्यासारखी गोष्ट मामाच्या अंगणात वाट पाहत होती.

अंगणात जत्रा भरली होती. माणसं कुडावर चढलेली, पोरं आंब्याच्या फांद्यांना लटकलेली, बायका धानाच्या पेंढ्यांच्या पुंजण्याआडून माना काढून उभ्या. मधोमध बाजेवर गुणवंतराव मामा पडले होते. खांद्यावर धानाचं पोतं घेऊन पळणारा हा माणूस. इंदुताईचा बाप गेल्यावर ह्यानंच तिला वाढवलं आणि सारा गाव हसत असताना शिकायला नागपूरला पाठवलं. आता त्याच्या दंडाच्या काड्या झाल्या होत्या, पोट ढोलकीसारखं ताणलं होतं आणि डोळ्यांत कोणी हळद कालवून ओतावी तसे डोळे पिवळे होते.

आणि मामाच्या उशाशी उभा होता पत्रू महाराज. भगवी कफनी, गळ्यात कवड्यांची माळ, कपाळावर मुठीनं थापलेला शेंदूर. आवाज दंडारीच्या नाटकातल्या राक्षसाचा.

"पाहा गा, डोळे असतीन तं पाहा! नसतीन तं घरी जाऊन निजा!"

त्यानं मामाच्या मुलाला, लटारूला, पुढं ओढलं. बाभळीच्या काट्यानं त्याचं बोट टोचलं आणि पळसाच्या द्रोणात रक्त गाळलं. मग मामाचं बोट टोचलं, दुसऱ्या द्रोणात रक्त गाळलं. दोन्ही द्रोण समोर ठेवून त्यानं मंत्र सुरू केले. मंत्रात काली होती, खप्पर होतं, पाताळ होतं आणि मधेच "अंग्रेज भी डर गये थे" असंही काहीतरी होतं. मंत्र चांगलाच लांबला. पाण्याला आधण येईल एवढा लांबला.

मग त्यानं लटारूचा द्रोण तिरपा केला. रक्त हललं नाही. खरवसाच्या वडीसारखं बसून राहिलं.

"निजलं! लटारूचं रक्त निजलं! काऊन निजलं? त्याले भेव नाई कोनाचं. आता हे पाहा भाऊचं!"

मामाचा द्रोण तिरपा झाला आणि रक्त सळकन जमिनीवर सांडलं.

"पळून राह्यलं! जितं रक्त हाय, पळून राह्यलं! काऊन? चेटकीन तोंड लावून बसली हाय त्याले! घागरीले खालून भोक असलं तं पानी थांबते का गा?"

"नाई थांबत, महाराज!" अंगण ओरडलं.

इंदुताईचं लक्ष द्रोणाकडं नव्हतं. मामाच्या टोचलेल्या बोटातून अजून थेंब गळत होते, बाजेच्या सुंभावर, एकामागून एक. "मामाच्या बोटाले चिंधी तरी बांधा," म्हणत ती पुढं झाली.

"खबरदार!" महाराजानं चिमटा आपटला. "आजपासून भाऊले कोनी शिवाचं नाई. बायको नाई, लेक नाई, कोनी नाई. जो शिवन त्याच्या अंगात चेटकीन शिरन. माह्याशिवाय कोनी हात लावाचा नाई!"

तेव्हापासून सुगंधामामी नवऱ्याला भाताची थाळी काठीनं ढकलून देऊ लागली. चाळीस वर्षांचा संसार, आणि मधे काठी.

इंदुताईनं लटारूला गोठ्याशी गाठलं. "लटारूभाऊ, मामाले चांद्याच्या डॉक्टरकडे नेऊ. आजच गाडी जुंप."

"डॉक्टर ताप पाह्यते, बाई. करनी पाह्यते का?" लटारूचे डोळे रडून सुजले होते. "बुढा दारू पेत असता तं मी म्हनलं असतं, मोहाच्या दारूनं पोट फुगलं. थेंब घेत नाई मानूस! मंग दुसरं काय राह्यते, सांग मले?"

"दुसरं काय राह्यते ते डॉक्टर सांगेल."

"तू शिकली, बाई. पन आमच्या रानातलं तुले समजत नाई. अन् आवाज कमी कर. महाराज आयकन."

त्याच दुपारी एक लहानशी गोष्ट घडली. इंदुताई पाणी प्यायला वळली तेवढ्यात कुंदा रांगत बाजेपाशी पोचली. उभं राहायला नुकतीच शिकत होती ती. जे हाती लागेल त्याला लटकायची. तिनं बाजेवरून लोंबणारा मामाचा डावा हात धरला, दोन्ही मुठींनी आवळला, सारा भार टाकला आणि उठून उभी राहिली. मामा हसले. बंदी झाल्यापासून त्यांना शिवणारी ती पहिलीच. इंदुताईनं झडप घालून पोरीला उचललं, महाराजानं पाहिलं की काय म्हणून आजूबाजूला बघितलं आणि घरात पळाली.

संध्याकाळी महाराजानं "कवच" बांधलं. म्हणजे मामाला घोंगडी पांघरली, आपला उजवा हात घोंगडीत घालून मामाचा उजवा दंड धरला आणि बराच वेळ पुटपुटत राहिला. मामाच्या तोंडावर कळ उमटली तशी तो म्हणाला, "दुखन. चेटकीन बाहेर निघताना दुखतेच."

सकाळ झाली. अंगण पुन्हा भरलं. महाराजानं घोंगडी झटक्यात ओढली आणि बायकांनी किंकाळी फोडली.

मामाच्या उजव्या दंडावर काळानिळा पंजा उमटला होता. आतून एक अंगठा. बाहेरून बोटं.

"मोजा!" महाराज गरजला. "रातच्याले चेटकीन आली, कवच पाहून चिडली अन् भाऊले धरून ओढलं तिनं! बोटं मोजा!"

"अंगठा... अन् तीन," कोणीतरी म्हणालं. "चारच हायेत."

"कोनतं बोट नाई?"

"पहिलं नाई. अंगठ्याजवळचं."

अंगणातल्या माना गावाच्या टोकाकडं वळल्या. कारण उजव्या हाताचं पहिलं बोट नसलेलं माणूस मोहटोल्यात एकच होतं.

रुखमाबाई. गावाच्या टोकाला एकटी राहणारी विधवा. पोहे कांडायची, भट्टीवर मुरमुरे फोडायची. तरुणपणी पोहे कांडताना पायानं चालवायच्या ढेकीच्या मुसळाखाली तिचं बोट गेलं होतं, हे गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं. जिभेनं फटकळ. महिन्यापूर्वी चामोर्शीच्या बाजारात पत्रू महाराज अंगाऱ्याच्या पुड्या वाटत बसला होता, तेव्हा हिनं भर गर्दीत विचारलं होतं, "काय गा महाराज, माह्या भट्टीतली राख उचलून नेली, तं त्या राखेचा अंगारा झाला का? मंग मी तं रोज तुह्या देवावर मुरमुरे फोडून राह्यली!" बाजार हसला होता. महाराजही हसला होता. त्याचं हसणं तेवढं कोणी नीट पाहिलं नव्हतं.

आता लटारूच पहिला धावला. त्याच्यामागं निम्मा गाव.

त्यांनी तिला केसाला धरून आणलं. कापलेल्या धानाच्या खुंटांवरून ओढत आणलं, त्यामुळं अंगणात आली तेव्हा तिच्या पाठीवर लुगडं नव्हतं, ओरखडे होते. "अरे काय केलं मी? सांगा तं खरं, काय केलं?" ती विचारत होती. उत्तर म्हणून लाथ. चेटकिणीचे दात पाडले की तिचा मंत्र चालत नाही, असं महाराजानं सांगितलं. लगेच एकानं तिचं डोकं दोन गुडघ्यांत दाबलं आणि दुसऱ्यानं पाटा-वरवंट्यातला वरवंटा आणला. ज्या बायकांच्या लग्नात तिनं पोहे पुरवले होते, त्या बायका म्हणत होत्या, "मारा! आनखी मारा!" वरवंट्याचा आवाज झाला. मग ती काही विचारेनाशी झाली.

इंदुताई "थांबा! थांबा!" करत घुसली. कोणाचा तरी कोपर फिरला आणि कुंदाच्या कानाच्या अगदी जवळून गेला. पोर किंचाळली. इंदुताईचे पाय आपोआप मागं गेले. ह्या गर्दीला आता डोळे नाहीत, नुसते हात आहेत, हे तिला कळलं. ती पोरीला छातीशी दाबून मामाच्या बाजेच्या आडोशाला बसली.

रुखमाबाईला गोठ्याच्या मेढीला बांधलं. महाराजानं कमरेची पिशवी सोडली. त्यातून वस्तरा निघाला आणि बैलाच्या शिंगाची तुंबडी निघाली.

"चेटकीन बांधली. पन तिचं तोंड अजून भाऊच्या पोटात हाय. पोटावर चिरा घेतो, तुंबडी लावतो, चोखून बाहेर काढतो. मंग भाऊ उठून नांगर धरन!"

वस्तरा दगडावर सर्रसर्र फिरू लागला.

इंदुताईची नजर बाजेवरच्या बोटाकडं गेली. कालच्या काट्याच्या टोचणीतून अजूनही लाल पाझरत होतं. काट्याएवढी जखम रात्र उलटली तरी थांबत नव्हती. आणि हा पोटावर चिरा घेणार! तिनं मान वळवली. मेढीला बांधलेल्या रुखमाबाईच्या हनुवटीवर एवढं रक्त वाहिलं होतं, पण ते केव्हाच गोठून काळं झालं होतं. फुटलेल्या तोंडाचं रक्त थांबलं, टोचलेल्या बोटाचं थांबेना. द्रोणातही हेच झालं होतं. चेटकीण जर रक्त पीत असेल, तर ते कमी होईल. पण गोठायचं कसं विसरेल?

आणि मग तिला मामाचा डावा हात दिसला.

मनगटाच्या वर, दोन्ही बाजूंनी, चिंचोक्याएवढे निळे ठिपके. ओळीनं. चिमुकले, गोल, एकमेकांना चिकटून. लेकरानं मुठी आवळाव्यात तसे.

इंदुताईला सगळं एकदम कळलं आणि कळताक्षणी तिनं पहिली गोष्ट केली ती ही, की घोंगडी ओढून तो हात झाकला.

कारण हे ठिपके गावानं पाहिले, तर गाव काय करणार? ज्याचा हात खुणेत बसतो ती चेटकीण. इथं कोणाचा हात बसत होता? तिच्या छातीला बिलगून अंगठा चोखत होता तो हात. आणि वरवंटा अजून अंगणातच पडला होता.

"पोरी," मामा पुटपुटले. "रुखमा काऊन करन वं असं? लहानपनापासून तिच्या हातचे पोहे खाल्ले मी."

महाराजानं वस्तरा उचलला. "पहिले वाट करून देतो," म्हणून त्यानं मामाच्या बेंबीच्या बाजूला नुसतं टोक टेकवलं. नखभर चिरा. त्यातून रक्त आलं आणि येतच राहिलं. पोटावरून कमरेला, कमरेवरून सुंभाला, सुंभावरून मातीत. महाराजानं वस्तरा पुन्हा उचलला, ह्या खेपेला पुरता चिरा घ्यायला.

इंदुताई उठली. तिनं पोरीला डाव्या हातानं घट्ट धरलं आणि उजव्या हातानं घोंगडी उडवली.

"थांबा! हा हात पाहा! ह्या हातावर बी खुना हायेत!"

वस्तरा थबकला. माना पुढं आल्या.

"ह्या कोनाच्या हायेत, सांगा! एवढ्या बारक्या बोटाची चेटकीन कोन हाय गावात? आयका, कोनाच्या त्या. माह्या पोरीच्या! काल दुपारी हा हात धरून उभी राह्यली ती. माह्या डोळ्यानं पाह्यलं मी!"

माना हातावरून पोरीकडं वळल्या. तेवढा क्षण महाराजाला पुरला. असे लोक क्षणावरच पोट भरतात.

"आयकलं का? आयकलं का गा! सांगितलं होतं का नाई, शिवाचं नाई म्हनून! चेटकीन लेकरात शिरली! त्या पोट्टीच्या अंगात हाय ती!"

गर्दी फिरली. उभं धान वाऱ्यानं वळावं तशी फिरली. कुठून तरी ढेकूळ आलं आणि इंदुताईच्या भुवईवर फुटलं. डोळ्यात रक्त उतरलं. कोणीतरी कुंदाचा पाय धरला. इंदुताईनं त्या हाताला दात लावले आणि ती चावली, आठवत राहील असं चावली, पण पाय सुटेना, ओढ वाढली, पोरीचा रडून श्वास अडकला—

"लटाऱ्या!"

त्या फुगलेल्या पोटातून एवढा आवाज निघेल असं कोणाला वाटलं नव्हतं. गुणवंतराव बाजेवर उठून बसले होते. हातानं पोटावरचा चिरा दाबलेला, बोटांमधून रक्त गळतंय.

"पोरीचा पाय सोडाले सांग. अन् इकडे ये."

लटारूनं तो हात झटकून पोरीचा पाय सोडवला आणि बाजेपाशी आला.

"ज्या हातानं रुखमाले ओढून आनलं, त्याच हातानं माहा हात धर."

"बाबा, महाराजानं सांगितलं हाय, शिवाचं—"

"बाप मी हाय का तो हाय? धर!"

लटारूनं धरला.

"जोरानं. तिचे केस कसे धरले होते? तसे. अन् मी म्हनीन तवरीक सोडाचं नाई."

लटारूनं बापाचा हात कोपराखाली आवळला. मामा दातओठ खात राहिले. मग म्हणाले, "सोड. आता सारे बसा इथीच. महाराज, तुम्ही बी बसा. मंत्र म्हना पायजे तं. दंडार पाहाले रातभर बसता, एक हात पाहाले बसा."

महाराज म्हणाला, त्याला नदीवर संध्या करायची आहे. कुडावरून एक म्हातारा म्हणाला, "संध्या संध्याकाळी असते, महाराज. आता तं ऊन डोक्शावर हाय." कोणीतरी हसलं. त्या दिवसाचं ते पहिलं हसू. महाराज बसला.

मग तो सारा गाव, हातात काठ्या घेऊन, एका आजारी माणसाच्या हाताकडं बघत बसून राहिला. इंदुताईनं लुगड्याची पट्टी फाडून मामाच्या पोटावर घट्ट दाबून धरली. मामी पुढं आली, थबकली, मग तिनं हातातली काठी टाकून दिली आणि नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं. कोणी तिला अडवलं नाही.

आधी कातडी लाल झाली. मग लालीत निळं आलं. जांभळाचा रस कापडात झिरपावा तसं ते हळूहळू वर आलं. सावल्या कुडापर्यंत पोचल्या तोवर पंजा पुरा उमटला होता. पाची बोटं. आणि अंगठा बाहेरच्या बाजूला वाकडा. लटारूचा अंगठा पोरपणी जुवाखाली सापडून वाकडा झाला होता. अख्ख्या पंचक्रोशीत तसा अंगठा दुसरा नव्हता.

लटारूनं आपल्या हाताकडं पाहिलं. बापाच्या हाताकडं पाहिलं. "मंग... मी चेटकीन हाय का, बाबा?"

"नाई. तू गधा हायेस," मामा म्हणाले.

इंदुताई उठली. भुवईवरचं रक्त सुकून कडक झालं होतं. "मामाले जो कोनी दाबून धरेल त्याची खून उठते. पोरीनं धरलं, पोरीची उठली. लटारूभाऊनं धरलं, त्याची उठली. आता सांगा, काल संध्याकाळी घोंगडीत हात घालून उजवा दंड कोनं धरला होता? दुसऱ्या कोनी शिवाचं नाई, हे काऊन सांगितलं होतं? घरातल्या पाच जनाच्या खुना उठल्या असत्या, तं ह्याची खून कुठी दिसली असती?"

तिनं रुखमाबाईचे दोर सोडले. तिचा हात धरून मामाच्या दंडावरच्या काळ्या पंजापाशी नेला. रुखमाबाईचा हात लहान, पोरीसारखा. बोटं खुणेच्या निम्म्यातच संपली. बोटं सगळ्यांनी मोजली होती, हात कोणी लावून पाहिला नव्हता.

"आता तुमचा हात आना, महाराज. पहिलं बोट मुडपा."

महाराज उठून पळाला. आंब्याखालीच त्याला गाठला. मग त्याच काठ्या, त्याच लाथा. कवड्यांची माळ तुटून कवड्या अंगणभर उडाल्या. कोणीतरी वरवंटा उचलला. सकाळी "आनखी मारा" म्हणणाऱ्या बायका आताही तेच म्हणत होत्या.

"सोडा त्याले."

आवाज इतका चिरका होता, की कोणाचा ते आधी कळलंच नाही. रुखमाबाई मेढीला टेकून उभी होती. ओठ फाटलेले, शब्द हवेसारखे निघत होते. "सकाळी बी तुमी असेच खुसीनं मारत होते."

वरवंटा खाली ठेवला गेला. महाराजाला बांधून चामोर्शीच्या ठाण्यावर नेलं. तिथं त्यानं सगळं ओकून टाकलं. पोट फुगलेला, डोळे पिवळे झालेला रोगी कुठं आहे याची तो गावोगाव चौकशी करत फिरायचा. अशा माणसाचं रक्त द्रोणात गोठत नाही आणि जरा दाबलं की काळं पडतं, हे त्याला कधीतरी कळलं होतं. का, हे त्याला माहीत नव्हतं आणि जाणून घ्यायची गरजही नव्हती. "मी फक्त हात ठेवतो, साहेब," तो म्हणाला, "नाव तं लोकच घेते."

मामाला गाडीत घालून चांद्याला नेलं. डॉक्टरांनी पोट चाचपलं, डोळ्यांच्या पापण्या ओढल्या, हातांवरचे तिन्ही प्रकारचे पंजे पाहिले आणि विचारलं, "पूर्वी कधी कावीळ झाली होती?"

"लटारू पोटात होता तवा," मामी म्हणाली. "गंज दिवस होती, जाता जात नव्हती."

"त्या काविळीनं यकृत आतून निबर होत गेलं. दारू प्यायलाच पाहिजे असं नाही." डॉक्टर लटारूकडं बघून बोलत होते. "रक्त गोठायला जी द्रव्यं लागतात, त्यातली बहुतेक यकृतात तयार होतात. गिरणीच बंद पडली तर पीठ कुठून येणार? शिवाय यकृत असं झालं की डावीकडची पाणथरी, म्हणजे प्लीहा, सुजते आणि रक्त थोपवणाऱ्या बारीक चकत्या आपल्या पोटात अडकवून ठेवते. म्हणून काटा टोचला तरी थांबत नाही, नुसतं धरलं तरी आतल्या आत रक्त झिरपतं. त्या वस्तऱ्यानं पुरता चिरा घेतला असता, तर तुम्ही ह्यांना इथं आणलंच नसतं. सरणावर नेलं असतं."

त्यांनी इंजेक्शनं लिहून दिली. मीठ बंद केलं. मग विचारलं, "हिरड्यांतून रक्त केव्हापासून येतं?"

मामीनं कुंदाकडं बोट दाखवलं. "हे पोट्टी झाली तवापासून."

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. "तेव्हा आणलं असतं तर काळजी घेऊन बरेच दिवस काढले असते," ते म्हणाले. इंदुताईनं पोरीच्या टोपड्याची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

गुणवंतराव शिमग्यापर्यंत जगले. कुंदा त्यांच्याच अंगणात चालायला शिकली. ते तिला हात देत नसत, धोतराचा सोगा देत आणि म्हणत, "हे धर, बाई. हे काळं पडत नाई." एका सकाळी त्यांना रक्ताची उलटी झाली, मग दुसरी झाली, आणि गाडी जुंपेपर्यंत सगळं संपलं. बाज, भिंत, मामीचं लुगडं, सारं लाल. पण त्या दिवशी मोहटोल्यात कोणाचं नाव घेतलं गेलं नाही आणि कोणी काठी उचलली नाही. रुखमाबाई दारापर्यंत आली, पोह्यांची टोपली ठेवून गेली. लटारूशी ती आजही बोलत नाही. पोहे कांडणारी ती बाई आता पोहे पाण्यात भिजवून खाते, कारण चावायला तिच्या तोंडात काही उरलेलं नाही.

चमत्कार म्हणतात तो एवढाच होता: एक यकृत आणि एका माणसाची हुशार बोटं. त्याला चमत्कार बनवलं ते न पाहणाऱ्या डोळ्यांनी. ज्या खुणेनं एका बाईचे दात गेले, ती खूण तपासायला नुसता एक हात शेजारी लावून बघायचा होता.

तेव्हा हे वाचून झालं की एवढं करा. तुमच्या घरात कोणी असेल, सासरा, काका, मोठी जाऊ, कोणीही. कधीकाळी कावीळ होऊन गेलेलं, हल्ली लवकर थकणारं, धक्का न लागता अंगावर निळे डाग दिसणारं, आणि विचारलं की "काही नाही" म्हणणारं. त्यांना उजेडात बसवून डोळ्यांचा पांढरा भाग पाहा. दंड पाहा. काही दिसलं तर देवऋषीकडं नव्हे, डॉक्टरकडं न्या, आणि आजच न्या. आणि उद्या सकाळी ते उठून गेल्यावर त्यांची उशी पाहा. उलटी करून ठेवलेली असेल, तर सुलटी करून पाहा.